कापराचा वास येणारी कासवाची नखी

सात हजार रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण विषय निघाला की लोक पहिल्यांदा तेवढंच विचारतात आणि मी गेले तीन महिने "फार नाही रे" म्हणून वेळ मारून नेतोय. सात हजारांत मँडोलिनच्या दोन नख्या, म्हणजे तारा छेडायची पिकं. दोन्ही मिळून वजन भरेल एका चिंचोक्याएवढं.

मी डोंबिवलीत राहतो. दिवसा एका कंपनीत हिशेब बघतो आणि शनिवार-रविवारी जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवतो. ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. स्वर लांबवायचा तर नखी तारांवर सतत खाली-वर फिरवत ठेवावी लागते. गिटारवाल्यांची पातळ, लवलवणारी पिकं इथे कामाची नाहीत. पातळ पिकाने स्वर लांबवला की सुरापेक्षा प्लॅस्टिकची टकटकच जास्त ऐकू येते. नखी जाड हवी, न वाकणारी हवी आणि तिची कड गुळगुळीत, गोलसर घासलेली हवी. हे जमलं की तीच तार, तेच वाद्य, पण आवाज एकदम भरतो. म्हणून आम्ही सगळे जन्मभर नख्या शोधत असतो. चांगलं वाद्य घ्यायला लाखभर लागतात, नखी शंभरात येते, असं मनाला समजावता येतं.

माझ्या डोक्यात कासव घातलं ते आमच्यातल्या एका ज्येष्ठ वादकांनी. सगळे त्यांना काका म्हणतात. सज्जाद हुसेन यांचं मँडोलिन ऐकत वाढलेली पिढी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिन वाजवायचे, हे ते दर तालमीला एकदा तरी सांगतात. एकदा माझी नखी हातात घेऊन त्यांनी नाक मुरडलं. "हे प्लॅस्टिक. पूर्वी कासवाची नखी असायची. तो आवाज परत नाही." झालं. त्या रात्री मी फोनवर शोधायला बसलो.

काकांचं चूक नव्हतं. हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाच्या पाठीवरचे खवले कापून, घासून पूर्वी नख्या बनत. ते खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखाच्याच जातीचे. म्हणून तारेवर चिकटत नाहीत, घसरत नाहीत. पण या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ पासून बंद आहे आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. हे मला तेव्हाही माहीत होतं. पुरतं नाही, पण "हे काहीतरी बेकायदा असतं" एवढं नक्की. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून ते लपवत नाही.

वाद्यं विकण्या-घेण्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, कोणाकडे जुन्या चांगल्या नख्या आहेत का? कासव हा शब्द मी लिहिलाच नव्हता. अर्ध्या तासात खासगीत मेसेज आला: "सर, जुनी ओरिजिनल पाहिजे का? समजून घ्या."

बोलायला माणूस गोड. गोव्यातल्या एका जुन्या घरातून मँडोलिन विकत घेतलं, त्याच्या पेटीत सहा नख्या निघाल्या, चार गेल्या, दोन उरल्या. मी चाचरत कायद्याचं विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं. "सर, हा माल १९५० च्या आधीचा. कायदा ७२ चा. जुन्याला लागू होत नाही. फक्त ग्रुपवर बोलू नका, लोक उगाच बोंब मारतात." एक ३,८०० ला, दोन्ही घेतल्या तर ७,०००.

मग त्याने व्हिडिओ पाठवला. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर नखी. अंगठ्याच्या नखावर काळा डाग असलेला एक हात मेणबत्तीवर सुई तापवतो आणि नखीच्या कडेला टेकवतो. बारीक धूर निघतो. मागे कावळा दोनदा ओरडतो. आणि आवाज येतो, "बघा सर, केस जळल्याचा वास. म्हणजे अस्सल."

मी मान डोलावली. व्हिडिओत वास येत नाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. रोज शंभर बिलं तपासणारा माणूस मी, पन्नास रुपयांच्या रिक्षाच्या पावतीवर शंका काढतो, आणि इथे फोनच्या काचेतून वास घेतला.

यूपीआयवर जे नाव आलं ते त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं. "मिसेसचं खातं आहे." ठीक. सहा दिवसांनी कुरिअरने खोकल्याच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी आली, आत कापूस, कापसात दोन नख्या. मधासारखा पिवळा रंग, त्यात तपकिरी ढग. खोटं कशाला बोलू, बघून हात थरथरला. त्या संध्याकाळी वाजवलं आणि आवाज मला खरोखरच वेगळा वाटला. सात हजार मोजल्यावर वेगळा वाटणारच. काकांना दाखवली. त्यांनी डोळे मिटून चार सूर ऐकले आणि म्हणाले, "हं. हाच." म्हणजे त्यांनाही कळलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, पण तेव्हापासून जुन्या आवाजाच्या आठवणींवर मी जरा कमी विश्वास ठेवतो.

गणपतीच्या आधी तालमी वाढल्या. रोज दोन-दोन तास. वाजवताना मला मधूनच कापराचा वास यायचा. मला वाटायचं देव्हाऱ्यातला. एकदा बायकोला म्हटलंसुद्धा, "आज दुपारी आरती केलीस का?" ती म्हणाली, "कापूर संपून आठ दिवस झाले, तुलाच आणायला सांगितलाय."

तेव्हाही ट्यूब पेटली नाही. पेटली ती तालमीत. घामाने नखी निसटत होती म्हणून मी ती शर्टाच्या बाहीवर खसाखसा पुसली आणि सहज नाकाजवळ नेली. कापूर. बोटात धरलेल्या कासवाला देवघराचा वास!

सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूर घालतात, हे त्या रात्री कळलं. कापसापासूनचं नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, हीच त्याची मूळ कृती. टेबल टेनिसचे जुने चेंडू याच मालाचे. न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'आंद्रियाने १९२२ मध्ये सेल्युलॉइडच्या नख्या काढायला सुरुवात केली आणि तेव्हापासून या नख्यांना कासवाच्या पाठीसारखा पिवळा-तपकिरी रंग देण्याची पद्धत आहे. म्हणजे ही नक्कल शंभर वर्षं उघडपणे, नक्कल म्हणूनच विकली जाते. कुठल्याही वाद्यांच्या दुकानात काचेखाली डबा भरून असतात, पन्नास-साठ रुपयांना एक. माझ्याकडेच कॉलेजातल्या गिटारच्या खोक्यात तीन निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही नख्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या एका मित्राकडे नेल्या. त्याने मायक्रोमीटर लावला. पहिली ०.९६ मिलिमीटर. दुसरी ०.९६. टोकाला, मध्ये, कडेला, सगळीकडे तेच. "हाताने घासलेली वस्तू इतकी सरळ येत नाही," तो म्हणाला, "ही शीटमधून पंच मारून काढलीय." मग त्याने टेबल लॅम्प आडवा केला आणि नखी तिरपी धरली. मधोमध, पॉलिश पेपरने घासलेल्या भागात, एका इंग्रजी अक्षराची अर्धी कमान पुसटशी उमटलेली होती. छाप घासून काढला होता, पण पूर्ण गेला नव्हता. भिंगाखाली तपकिरी ढगांच्या कडा दूध चहात ओतल्यासारख्या, वळणावळणाच्या. खऱ्या खवल्यात तो रंग बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो.

शेवटचं आम्ही गच्चीवर केलं. नखीची एक चिमूटभर कपची कापून, चिमट्यात धरून काडी लावली. भस्सकन ज्वाळा. केसाचा वास नाही, काजळी धरणं नाही, दोन सेकंदांत गायब. हे घरात करू नका, हातात धरून तर अजिबात नाही. खरं म्हणजे तापल्या सुईचीही गरज नाही. नखी कापडावर जोरात घासा किंवा गरम पाण्यात बुडवून काढा आणि वास घ्या. कापूर आला की विषय संपला. उलट केस जळल्यासारखा वास आला तरी कासव सिद्ध होत नाही, कारण दुधातल्या केसिनपासून बनवलेल्या नख्याही असतात आणि प्रथिन जळताना असाच वास येतो. म्हणजे त्या सुईच्या नाटकाला व्हिडिओबाहेरही अर्थ नव्हता.

आता खरा फास. मी त्याला मेसेज केला: नख्या सेल्युलॉइडच्या आहेत, पैसे परत करा. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"करा ना सर तक्रार. काय लिहिणार? कासवाची नखी मागवली होती, प्लॅस्टिकची आली?"

खाली हसण्याची एक बाहुली. मग ब्लॉक.

मी तो मेसेज किती वेळा वाचला असेन. नख्या खोट्या आहेत हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. "ग्रुपवर बोलू नका" हे त्याने कासवासाठी सांगितलं नव्हतं, माझ्यासाठी सांगितलं होतं. वस्तू बेकायदा असल्याचं त्याने मला भासवलं आणि मी पैसे भरले, त्या क्षणी माझं तोंड बंद झालं. त्याच्या जागी कोणी पन्नासची नखी "जर्मन प्लॅस्टिक" म्हणून हजाराला विकली असती तर मी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याचे वाभाडे काढले असते.

अकरा दिवस गप्प बसलो. बाराव्या दिवशी वकील असलेल्या आतेभावाला फोन केला. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. "माल खरा असता तर तू कुठे असतास माहितीये? पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या वस्तूला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. दंड पंचवीस हजारांपासून पुढे. आणि जुना माल चालतो हे कोणी सांगितलं तुला? जुन्या वस्तूला मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते असलं तरी विकता येत नाही." मग म्हणाला, "लिहून दे सगळं, जसं झालं तसं. कासव हा शब्द गाळू नकोस. आणि अकरा दिवस काय झोपला होतास?"

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली. तिथल्या बाईंनी सांगितलं की पहिल्या काही तासांत फोन आला तर पैसे मध्येच अडवता येतात, बारा दिवसांनी खात्यात काय उरणार! त्यांनी नावं ठेवली नाहीत. कासव हा शब्द ऐकून क्षणभर थांबल्या फक्त, आणि "स्पेलिंग सांगा" म्हणाल्या. माझ्या लाजेची किंमत त्या अकरा दिवसांत भरली गेली. तक्रार क्रमांक आहे, पैसे आलेले नाहीत.

पैशापेक्षा दुसरंच एक जास्त खुपतं. आमचं मूळ गाव मंडणगडकडचं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये लेकीला घेऊन वेळासला गेलो होतो, कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला. ती ऑलिव्ह रिडले, हॉक्सबिल नव्हे. हॉक्सबिल आपल्याकडे अंदमान आणि लक्षद्वीपच्या बाजूला अंडी घालतं. पण पहाटे वाळूवर तो तळहाताएवढाही नसलेला जीव लाटेकडे सरकत होता आणि लेक श्वास रोखून बसली होती. परतताना तिने विचारलं होतं, "यांना कोण मारतं?" मी ट्रॉलरच्या जाळ्यांबद्दल बरंच शहाणपण सांगितलं होतं. डबी आली त्या दिवशी तिने विचारलं, "हे काय आहे बाबा?" मी म्हटलं, प्लॅस्टिक. तेवढं एक खरं बोललो, तेही मला माहीत नसताना.

आवाजाच्या मागे असाल तर मार्ग आहेत, आणि सगळे बिलासकट मिळतात. डनलॉपचं टॉरटेक्स १९८१ मध्ये कासवाला पर्याय म्हणूनच आलं आणि आजही शंभराच्या आत मिळतं. त्यांचंच अल्टेक्स जरा कडक आणि चमकदार वाजतं. हॉलंडची वेगेन जाड असतात, मँडोलिनवाल्यांना आवडतात. अमेरिकेतली ब्लू चिप ही नख्यांतली महागडी जात. एक नखी पस्तीस डॉलरच्या पुढे. मी सध्या १.४ मिलिमीटरचं एक साधं पिक घेतलंय आणि त्याची कड २००० नंबरच्या पॉलिश पेपरने स्वतः गोल केलीय. टीव्ही बघत बघत अर्धा तास लागला. काका परवा म्हणाले, "ती कासवाचीच ना अजून?" मी हो म्हटलं.

हे सगळं आता लिहायचं कारण, गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर एका मुलाने मला विचारलं, "दादा, ही घेऊ का?" सोबत व्हिडिओ. या वेळी नख्या गोव्यातल्या घरातल्या नाहीत, कोलकात्यातल्या एका जुन्या वादकाच्या. विकणाऱ्याचं नाव वेगळं, नंबर वेगळा. तेच वर्तमानपत्र, तीच मेणबत्ती, अंगठ्याच्या नखावर तोच काळा डाग. आवाज चालू करून ऐका, कावळा दोनदा ओरडतो. भाव आता ४,५०० झालाय.