उद्गामी की अवगामी: भूमितीच्या पाठाला काय घ्यावं?

शिक्षक-प्रशिक्षणातल्या सराव पाठाचं टाचण (पाठाची लेखी आखणी) काढताना पद्धतीच्या रकान्यात बहुतेक जण 'उद्गामी-अवगामी' असं जोडनाव लिहून मोकळे होतात. मार्गदर्शकही सही करतात. पण एका तासिकेत दोन्हींना सारखा वेळ मिळत नाही. कोणाला झुकतं माप द्यायचं, हे आधीच ठरवायला हवं.

उद्गामी म्हणजे उदाहरणांवरून नियमाकडे जाणं. अवगामीत आधी मान्य केलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायचा. विधानं खरी आणि पायऱ्या बिनचूक असतील, तर निष्कर्ष खोटा ठरूच शकत नाही.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घ्या. मुलांना कोनमापक दिले की कोणाची बेरीज 178 येते, कोणाची 181. उत्तर आधीच ठाऊक असलेले हुशार गडी तिसरा कोन न मोजताच 'जुळवून' टाकतात! वर्ग रंगतो हे खरं, पण वेळही खूप जातो. उलट शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा आणि व्युत्क्रम कोनांच्या (समांतर रेषांच्या आत, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असणाऱ्या समान कोनांच्या) दोन जोड्या दाखवा. तिन्ही कोन त्या रेषेवर सरळ कोनात शेजारी शेजारी बसतात. चार ओळींत सगळ्या त्रिकोणांचा निकाल लागला. मात्र व्युत्क्रम कोन कच्चे असतील, तर मुलं फळा नुसता उतरवून घेतील.

मग मोजून पटलं तर सिद्धता कशाला? वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना जोडा, आत किती भाग पडतात ते मोजा. दोन बिंदूंना 2, तिनांना 4, चारांना 8, पाचांना 16. सहा बिंदूंना वर्ग एका सुरात '32' म्हणतो. आतमध्ये तीन जीवा (बिंदू जोडणाऱ्या रेषा) एका बिंदूत भेटणार नाहीत अशी काळजी घेऊन काढा: भाग पडतात 31. उद्गामीची मर्यादा सांगायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

विभाज्यतेच्या कसोट्या, व्याकरणातले संधीचे नियम यांना खुशाल उद्गामी घ्या. सूत्र माहीत असून फक्त सराव करून घ्यायचा असेल, तर अवगामी. प्रमेयाला मात्र माझं मत पक्कं आहे: अंदाज बांधण्यापुरती मोजणी आणि उरलेली तासिका सिद्धतेला. वेळ कमी असेल, तर मोजणी आदल्या दिवशी गृहपाठाला द्या.