शाळेत येणारी डॉक्टरांची गाडी आणि आमच्या पोराचा डोळा: विट्याकडचा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या हॉस्पिटलचा नाही. शाळेत जी सरकारी तपासणीची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, तिचा आहे. एवढं लांब नाव आमच्याकडं कोणी घेत नाही, मास्तर लोक आरबीएसके म्हणतात आणि पोरं म्हणतात डॉक्टरांची गाडी आली. लिहायचं कारण असं की जून आला की पालकांच्या ग्रुपवर एकच चर्चा, पोरांचं चेकअप कुठं करायचं, कुठल्या लॅबचं पॅकेज स्वस्त पडतंय, पण ह्या गाडीचं नाव कोणी काढतच नाही, आणि आमच्या घरात तर तिनंच सगळं उघडकीला आणलं.

आमचं गाव विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. मिस्टर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, सेलमला दुकान आहे, आमच्या भागातली कितीतरी घरं अशीच तिकडं मद्रास, केरळ, कुठं कुठं पांगलेली आहेत. आठ वर्षं आम्ही सगळे तिकडंच होतो, ह्या वर्षी सासूबाईंना आता एकटं ठेवता येत नाही म्हणून मी दोन्ही पोरं घेऊन गावी आले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत नावं घातली, मुलगी पाचवीला, मुलगा दुसरीला. दोघांची कधी नीट तपासणी अशी झालीच नव्हती. ताप आला की डॉक्टर, लस असली की दवाखाना, एवढंच. पोर खातंय पितंय, खेळतंय, मग कशाला न्यायचं, असंच आपल्या सगळ्यांचं असतं.

गाडी आली जुलैमध्ये. मी योगायोगानं शाळेत होते, मुलीच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली ती सांगायला गेलेले. व्हरांड्यात सतरंजी टाकलेली, एक डॉक्टर सर, एक डॉक्टर मॅडम, एक सिस्टर आणि औषधांचं बघणारे एक जण, अशी चौघांची टीम. नंतर कळलं की नियमच तसा आहे, दोन डॉक्टर त्यात एक बाई असायलाच पाहिजे, सोबत नर्स आणि फार्मासिस्ट. एकीकडं वजन उंची, एकीकडं डोळे, मॅडम खुर्चीवर बसून एकेकाचे दात, जीभ, पापण्या, नखं, कातडी, कान असं बघत होत्या, छातीला नळी लावून ऐकत होत्या.

आता डोळ्याचं सांगते कारण तेच मुख्य आहे.

सरांनी एक सुतळी आणलेली, दोन्ही टोकांना गाठ मारलेली. एक गाठ भिंतीवरच्या तक्त्याखाली धरायची आणि दुसरी गाठ जिथं येईल तिथं फरशीवर खडूनं रेघ, पोरानं त्या रेघेवर उभं राहायचं, बरोबर सहा मीटर. तक्त्यावर नुसतं इंग्रजी ई अक्षर, कुठं उजवीकडं तोंड, कुठं खाली, कुठं वर, आणि पोरानं हातानं दाखवायचं की तोंड कुणीकडं आहे. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याची पण तपासणी होते. आमच्या पोराचा नंबर आला, तळहातानं एक डोळा झाकला आणि धडाधड दाखवत सुटला, सगळं बरोबर. मला वाटलं झालं. पण मॅडमनी लांबनंच बघितलं आणि उठून आल्या. म्हणाल्या, "बाळा, हात नको, हे धर," आणि गोळ्यांच्या खोक्याचा एक पुठ्ठा त्याच्या हातात दिला. तो बोटांच्या फटीतून बघत होता! लबाडी म्हणून नाही हो, त्याला जे दिसत होतं त्याच्यानं तो बघत होता. शिवाय रांगेत उभा राहून पुढच्या पंधरा वीस पोरांची उत्तरं बघून त्याला अर्धा तक्ता पाठ झालेला. मॅडमनी मग तक्ता सोडला आणि एकच ई असलेलं कार्ड हातात घेऊन फिरवायला लागल्या. डावा डोळा पुठ्ठ्यानं झाकला, उजव्यानं बघ म्हटल्यावर पोरगं गप्प. मान वाकडी करायला लागलं. मग दोन पावलं पुढं, अजून दोन पावलं पुढं, पार जवळ आल्यावर त्यानं हात वर केला आणि तोही चुकीचा.

तो रेघेवर उभा होता आणि मी खांबाला धरून बघत होते. सात वर्षांचं पोर, माझ्या मांडीवर वाढलेलं, आणि एका डोळ्यानं त्याला धड दिसत नाही हे मला माहीत नव्हतं. टीव्हीजवळ जातो म्हणून मी ओरडायचे, जिन्यावरनं उतरताना अडखळतो म्हणून लक्ष कुठंय तुझं म्हणायचे.

मॅडमनी मला बाजूला बसवून समजावलं, आणि पाठीमागं एवढी पोरं रांगेत असताना समजावलं ह्याचं मला फार वाटलं. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात खूप फरक असला की मेंदू चांगल्या डोळ्याचं चित्र घेतो आणि अंधुकवाल्याचं सोडून देतो, मग तो डोळा वापरातच येत नाही आणि हळूहळू अधू होत जातो, त्याला आळशी डोळा म्हणतात. डोळा तिरळा दिसत नाही, लाल होत नाही, दुखत नाही, पोर तक्रार पण करत नाही कारण दुसरा डोळा सगळं काम ओढून नेतो. सात वर्षांच्या आत सापडलं तर फार चांगलं, त्याच्यापुढं जसजसा उशीर तसतसं सुधारणं अवघड, पण अजून वेळ गेलेली नाही, ताबडतोब दाखवा म्हणाल्या. आणि पुढं पाठवण्याची चिठ्ठी दिली.

मुलीचं वेगळंच निघालं. खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरट. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.२, तिच्या वयाला साडेअकराच्या वर पाहिजे. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी असतेच, पाचवीपर्यंत गुलाबी आणि सहावीपासून निळी, पण ती कमी होऊ नये म्हणून असते, ज्याचं आधीच कमी आहे त्याला रोजची वेगळी द्यावी लागते. तशी चालू केली. उपाशीपोटी द्यायची नाही, सोबत लिंबू नाहीतर आवळा, आणि गोळीच्या आसपास चहा अजिबात नाही. शी काळी होते त्याला घाबरायचं नाही, हे सिस्टरनी आधीच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर सासूबाईंनी दुसऱ्या दिवशीच बंद करायला लावली असती. तिला दहा पूर्ण झालेली म्हणून टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस पण राहिलेली, ती दिली. आमचं लसीकरणाचं कार्ड तमिळमध्ये, पण लसींची नावं इंग्रजीत असल्यामुळं सिस्टरनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि आपल्या रजिस्टरला उतरवून घेतली. बाहेरनं आलेल्या लोकांनी हे कार्ड जपून ठेवा, कुठल्याही भाषेत असू दे.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या.

पालकांना कोणीच कळवलं नव्हतं. मी तिथं नसते तर चिठ्ठी पोराच्या दप्तरात आली असती आणि दप्तरातनं काय काय घरापर्यंत पोचतं ते आपल्याला माहीतच आहे. शंभरच्या वर पोरं एका दिवसात, म्हणजे एका पोराच्या वाट्याला मिनिटं किती येणार. मोठ्या मुलींना बघायला आडोसा पाहिजे होता, वर्ग मोकळा करून दिला असता तर झालं असतं, ते मुख्याध्यापकांना मी सांगितलं आणि त्यांना पटलं पण. आणि आमच्या शेजारची एक मुलगी त्या दिवशी आईबरोबर द्राक्षबागेत गेलेली, तिची तपासणी राहिली. अंगणवाडीला ही टीम वर्षातनं दोनदा येते पण शाळेला एकदाच, म्हणजे तो दिवस चुकला की गेलं वर्ष. बागेत कामाला येणारी, ऊसतोडीला आलेली, वीटभट्टीवरची पोरं, ज्यांना खरी गरज तीच त्या दिवशी शाळेत नसतात. ह्याचा काहीतरी विचार झाला पाहिजे, खरंच.

चिठ्ठी घेऊन पुढं गेलो त्याचा अनुभव पहिल्यांदा वाईट आला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. सकाळच्या एसटीनं निघालो, माझं अर्धं तिकीट, पोराचं अर्धं, म्हणजे प्रवासाचा खर्च फार नाही, पण पोचेपर्यंत साडेअकरा झाले, तिथं कळलं की डोळ्यांच्या डॉक्टर आज बाहेर शिबिराला, परवा या. चिठ्ठीवर ना वार लिहिलेला ना फोन नंबर. माझा एक दिवस गेला ठीक आहे, पण जी बाई रोजगारावर जाते तिचा दिवस बुडाला तर ती दुसऱ्यांदा येईल का? तिथंच बाकावर एक आजी नातवाला घेऊन बसलेल्या, त्या तिसऱ्यांदा आलेल्या.

मी सोडून दिलं असतं की नाही माहीत नाही, पण चौथ्या दिवशी त्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. "जाऊन आलात का ताई?" एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं तर म्हणाल्या थांबा, पाच मिनिटांनी परत फोन करून कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या नंबरच्या खोलीत जायचं ते सांगितलं, आणि आशाताईंना आमच्या घरी पाठवलं. माझ्या मते सगळी सेवा ह्या एका फोनवर उभी आहे. पोराचा डोळा सापडला शाळेत, पण तो दवाखान्यापर्यंत पोचला ह्या फोनमुळं.

दुसऱ्या खेपेला काम नीट झालं. डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करून नंबर काढला, डावा जवळपास चांगला आणि उजव्याला मोठा नंबर. चष्मा झोपेपर्यंत दिवसभर, आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे अधू डोळ्याला काम करावंच लागतं. शाळेच्या पोरांना सरकारी योजनेत चष्मा फुकट मिळतो पण यायला वेळ लागणार होता, डॉक्टर म्हणाले ह्याच्यात महिना घालवू नका म्हणून आम्ही विट्यातनं करून घेतला. ज्यांना जमत नाही त्यांनी फुकटचा जरूर घ्यावा, फक्त नाव नोंदवून पाठपुरावा करत राहा.

आता पॅकेजचं बोलते. माझ्या बहिणीची मुलगी सांगलीत मोठ्या शाळेत आहे, तिच्या शाळेनं जूनमध्ये फिटनेस सर्टिफिकेट मागितलं म्हणून बहिणीनं एका लॅबचं मुलांचं पॅकेज घेतलं, नाव सांगत नाही. रक्ताच्या ढीगभर तपासण्या, थायरॉईड, व्हिटॅमिन डी, रंगीत रिपोर्ट, कव्हरवर कार्टून. आमच्या पोराचं झाल्यावर मी तिला विचारलं डोळे कसे बघितले गं, तर ती म्हणाली डोळे? डोळे कुठं बघितले. ना डोळे, ना दात, ना छातीला नळी. ढीगभर आकडे आले पण पोरीला कोणी हात लावून बघितलं नाही. मी म्हणत नाही पॅकेज वाईटच, पण पैसे भरायच्या आधी एवढं विचारा की अक्षरांचा तक्ता लावून एकेक डोळा वेगळा बघणार का, दात कोण बघणार, वजन उंची मागच्या वर्षीशी ताडून सांगणार का. नाही म्हणाले तर ते शाळेच्या पोराचं चेकअप नव्हे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत आहे. नुसतं डोळे दात नाही, हृदयाला भोक, फाटलेला ओठ, वाकडे पाय, ऐकू न येणं, उशिरा बोलणं, हे सगळं ह्याच्यात धरलेलं आहे आणि पुढचा उपचार, ऑपरेशन लागलं तर तेही फुकट करून देतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय इथं १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पण पैसे नाहीत. गाडी कुठल्या दिवशी कुठल्या शाळेत हे आधीच ठरलेलं असतं, मुख्याध्यापकांना तारीख विचारून ठेवा, त्या दिवशी पोराला शाळेत पाठवाच आणि जमलं तर स्वतः जाऊन उभे राहा. दिवस चुकला तर आशाताईंना धरा, टीम जवळच्या शाळेत कधी आहे ते त्यांना कळतं, तिकडं घेऊन जा. शेजारच्या त्या मुलीला आम्ही असंच पुढच्या आठवड्यात पलीकडच्या वाडीच्या शाळेत नेलं. तिच्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या आणि बोटांच्या बेचक्यात खरूज, औषध तिथल्या तिथं मिळालं, दाढांचं अजून राहिलंय कारण दातांचे डॉक्टर जवळ नाहीत.

मार्क द्यायचे तर पाच पैकी चार. एक कापला तो पालकांना न कळवणं आणि वार न लिहिलेली चिठ्ठी, ह्या दोन गोष्टींसाठी.

पट्टीचं म्हणाल तर पहिला आठवडा फार रडारड झाली, उपसून टाकायचा. मग मुलीनं युक्ती काढली, पट्टी लावली की आजीचे तांदूळ निवडायला बसवायचं, आजी मोजून खडे टाकते आणि ह्यानं ते सगळे शोधायचे. आधी तीन चार सापडायचे. काल बारा टाकलेले, अकरा काढले. डोळ्याची पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीत आहे आणि मुलीचं रक्त पण तेव्हाच परत तपासायचंय, जाऊन आले की इथंच खाली लिहीन.