सडनली (१९५४): फुकटात मिळतोय म्हणून हलका समजू नका

आधीच सांगून ठेवतो, पिक्चर ब्लॅक अँड व्हाईट आहे, सव्वा तासाच्या आसपासचा आहे, गाणी नाहीत, पाठलाग नाहीत, आणि अर्ध्याहून जास्त भाग एका घराच्या हॉलमध्येच घडतो. तरी आमच्याकडं एकही माणूस मधे उठला नाही, मोबाईलसुद्धा कुणी हातात घेतला नाही. नवी पेठेत मित्राचं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे, शनिवारी शटर अर्धं खाली ओढलं की आतल्या मोठ्या टीव्हीवर आम्ही जुने पिक्चर लावतो, घरची मंडळी पण येतात. या वेळी मी हट्टानं सडनली लावायला लावला कारण ओलीस-थ्रिलर म्हणलं की लोक तीच पाच-सात नावं घेतात आणि ह्याचं नाव कुणीच घेत नाही.

गोष्ट साधी आहे. कॅलिफोर्नियातलं सडनली नावाचं झोपाळू गाव, शनिवारची दुपार. स्टेशनवर गुप्त तार येते की संध्याकाळी पाचच्या स्पेशल गाडीनं राष्ट्राध्यक्ष इथं उतरणार. शेरीफ म्हणजे तिथला पोलीस प्रमुख टॉड शॉ आणि सिक्रेट सर्व्हिसची, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेची, माणसं धावपळ करायला लागतात, रस्ते बंद, दुकानं तपासा, आणि स्टेशनच्या बरोबर वर टेकडीवर एक घर आहे त्याची खिडकी थेट फलाटावर उघडते. त्या घरात बेन्सन आजोबा, त्यांची विधवा सून एलन आणि नातू पिज. तीन माणसं येतात, आम्ही एफबीआयचे, घर बंदोबस्तासाठी पाहिजे म्हणतात, आजोबा स्वतः सिक्रेट सर्व्हिसमधून रिटायर झालेले तरी सुरुवातीला विश्वास ठेवतात. थोड्या वेळात कळतं की ही सुपारी घेतलेली टोळी आहे आणि पाच लाख डॉलरच्या सुपारीसाठी त्या खिडकीतून राष्ट्राध्यक्षाला उडवायचं आहे. मग गोळीबार होतो, शेरीफच्या हाताला गोळी लागते, आणि पाच वाजेपर्यंत हे सगळे त्या हॉलमध्ये अडकतात.

टोळीचा म्होरक्या जॉन बॅरन म्हणजे फ्रँक सिनात्रा, आणि पिक्चर बघायचं खरं कारण हा माणूस आहे. आपल्याकडं सिनात्रा म्हणजे गाणारा, टाय सैल केलेला, हातात माईक. इथं तो हॅट मागं सरकवून हॉलभर फिरतो आणि बोलत सुटतो. नुसता बोलतो हो! लढाईत आपण सत्तावीस जर्मन मारले, सिल्व्हर स्टार हे अमेरिकन सैन्याचं शौर्यपदक मिळालं, बंदूक हातात नसली की आपण कुणीच नाही आणि असली की देव, हे तो परत परत सांगतो आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त उघडा पडतो. पाच लाख डॉलरचा विषय निघाला की चेहरा शांत, पण कुणी त्याच्या लढाईवर शंका घेतली की डोळे एकदम बदलतात. ओलीस धरलेली माणसं हे ओळखतात. हात बांधल्यासारखीच परिस्थिती, बाहेर जाता येत नाही, तर मग करायचं काय, ह्याला बोलत ठेवायचं, टोचायचं, वेळ काढायचा. सगळा थरार ह्या बोलण्यात आहे आणि म्हणून मला वाटतं हा पिक्चर सत्तर वर्षांनी पण शिळा झालेला नाही. आजच्या थ्रिलरमध्ये ओलीस म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारी माणसं, इथं मात्र म्हातारा, बाई, पोरगं, जखमी शेरीफ, प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी चालू असतं ते दिसतं.

सिनात्राला ह्याच वर्षी, १९५४ मध्ये, फ्रॉम हिअर टू इटर्निटीसाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं होतं. पडलेलं करिअर नुकतंच सावरलं होतं आणि अशा वेळी कुणीही पुढचा रोल हिरोचाच घेतला असता. ह्यानं लहान बजेटच्या पिक्चरमध्ये असा माणूस केला की ज्याच्याबद्दल तुम्हाला एक क्षण पण प्रेम वाटणार नाही. ह्याला मी धाडस म्हणतो.

आणि एक गोष्ट कळल्यावर मी पिक्चर परत वेगळ्या नजरेनं बघितला. शेरीफ झालेला स्टर्लिंग हेडन हा दुसऱ्या महायुद्धात खरंच लढला होता, युगोस्लाव्हियात जर्मनांशी लढणाऱ्या पार्टिझान म्हणजे गनिमी लोकांना हत्यारं-रसद पोचवायच्या कामात होता आणि त्याला खराखुरा सिल्व्हर स्टार मिळाला होता. सिनात्राला कानाच्या पडद्याला भोक असल्यामुळं सैन्यात घेतलंच नव्हतं. म्हणजे पडद्यावर जो पदकाच्या बढाया मारतोय तो कधी लढाईवर गेला नाही, आणि जो समोर फुटका हात घेऊन गप ऐकतोय त्याच्याकडं ते पदक आहे. हे डोक्यात ठेवून हेडनचा चेहरा बघा. तो सिनात्राकडं ज्या थंडपणे बघतो ना, तसं अ‍ॅक्टिंगच्या क्लासमध्ये शिकवून येत नाही.

आता आमच्या मंडळींची मतं, कारण पिक्चर संपल्यावर जे भांडण झालं ते लै रंगलं.

मित्राचे वडील, आमचे अण्णा, ह्यांनी आयुष्यभर टीव्ही रिपेअरिंग केलेलं, पिक्चर ट्यूबच्या काळापासून. (इथून पुढं तीन पॅरात शेवट फुटतो, ज्यांना कोरा बघायचाय त्यांनी ते सोडून द्या.) घरातला टीव्ही बंद पडलेला असतो आणि जड नावाचा गावातला मेकॅनिक तो दुरुस्त करायला येऊन अडकतो. रायफल एका धातूच्या टेबलावर घट्ट बसवलेली असते. जड दुरुस्तीचं नाटक करत टीव्हीमधली पाच हजार व्होल्टची वायर गुपचूप त्या टेबलाला जोडतो आणि आजोबा बरोबर टेबलाखाली पाणी सांडतात. हा सीन सुरू झाला तसे अण्णा खुर्चीत पुढं सरकून बसले. त्यांचं म्हणणं असं की आयडिया पक्क्या मेकॅनिकची आहे, ओली फरशी आणि उघडं मेटल म्हणजे सर्किट पुरं झालं, पण ट्यूबच्या त्या हजारो व्होल्टला करंट कमी असतो, झटका असा बसतो की माणूस मागं फेकला जातो, चिकटून जागेवर मरेलच असं नाही, जुन्या सेटमध्ये खरी भीती आतल्या दोन-तीनशे व्होल्टच्या सप्लायची असायची कारण तिथं करंट असतो. ट्यूबवाला सेट बंद केल्यावरसुद्धा ट्यूबमध्ये चार्ज राहतो, आम्ही आधी स्क्रूड्रायव्हर चॅसीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, टेकवून तो काढायचो आणि मगच हात घालायचो, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. एवढं सांगून वर म्हणाले, चालतंय, पिक्चरमध्ये एवढं चालतंय, पण त्या पोरानं वायर जोडताना हात कसा स्थिर ठेवला बघा, कामाचा माणूस दाखवलाय, नुसता बुजगावणं नाही. मला पण हेच पटतं. शॉक बसतो तो भलत्यालाच, बॅरनच्या साथीदाराला, रायफल आपोआप सुटत राहते आणि त्या आवाजानं खाली स्टेशनवर पोलीस सावध होतात.

रेल्वेतले मामा दौंड-वाडी लाईनवर गार्ड होते, त्यांना शेवट सगळ्यात जास्त आवडला. गाडी येते, बॅरन नेम धरून बसलेला, आणि गाडी थांबतच नाही, सरळ फलाटावरून निघून जाते. आमच्यातल्या एकानं म्हणलं, हे काय, इतका वेळ ताणलं आणि गाडीच थांबली नाही? मामा त्याच्यावर चिडलेच. म्हणाले, अरे बाबा, धोका कळल्यावर व्हीआयपी गाडी स्टेशनात उभी करेल कोण? सिग्नल द्यायचा आणि थ्रू काढायची, तेच बरोबर आहे, दुसरं काही दाखवलं असतं तर खोटं झालं असतं. मला वाटतं पिक्चरची सगळ्यात हुशार जागा हीच आहे. बॅरनला कुणी हरवण्याआधी त्याच्या कामाचीच हवा निघून जाते, आणि त्या क्षणाला सिनात्राचा जो चेहरा होतो, लहान पोराचं खेळणं काढून घेतल्यासारखा, तो मी विसरू शकत नाही.

खरं भांडण बायकांच्या बाजूनं झालं. एलनचा नवरा कोरियाच्या लढाईत गेलेला, त्यामुळं तिला पोराच्या हातात खेळण्यातली बंदूक पण नको असते, आणि शेरीफ तिला न विचारता पोराला ती घेऊन देतो. पिक्चरचा सूर असा की ही बाई भित्री आहे, हिला जगाची जाणीव नाही, आणि शेवटी तिच्याच हातून गोळी झाडवून पिक्चर सांगतो, बघा, शेवटी बंदूकच लागली. आत्या यावर जाम तापल्या. म्हणाल्या, जिचा माणूस बंदुकीनं गेला तिला बंदूक नको वाटणं ह्यात वेडेपणा कुठला, आणि हा शेरीफ लग्न कर लग्न कर म्हणून सारखा मागं लागतोय, बाईला दुःख करायला वेळ तरी देशील का नाही. वहिनींचं मत उलट, त्यांना एलनचं ते गोळी झाडणं आवडलं कारण ती विचार बदलून नाही, पोराला वाचवायला झाडते, असा त्यांनी अर्थ लावला. मी आत्यांच्या बाजूचा. रिचर्ड सेलची स्क्रिप्ट ओलीस धरल्यानंतर जेवढी धारदार आहे तेवढीच त्याआधी भाषणबाज आहे, आजोबा देशभक्तीवर बोलायला लागले की सरळ प्रवचन वाटतं, पहिली वीस मिनिटं थोडा धीर धरावा लागतो. पोराचं काम करणारा किम चार्नी पण सुरुवातीला जरा कंटाळा आणतो, नंतर सुधारतो.

दिग्दर्शक लुईस ॲलननं मात्र हॉलचा वापर फार छान केलाय. खिडकी, टेबल, टीव्ही, ड्रॉवर, ह्या चार वस्तू कुठं आहेत ते तुम्हाला पाच मिनिटांत पाठ होतं, आणि मग कोण कशाच्या जवळ सरकतंय एवढ्यावर छाती धडधडते. खर्च कमी होता म्हणून एका खोलीत उरकलं असं कुठंच वाटत नाही. दुसऱ्याच वर्षी हम्फ्री बोगार्टचा द डेस्परेट अवर्स आला, तो पण घर ओलीस धरण्याचा, मोठं बजेट, मोठी नावं, नाटकावरून काढलेला. तो चांगलाच आहे पण गळा आवळल्याची भावना मला सडनलीत जास्त आली.

अजून एक गोष्ट आज बघताना टाळता येत नाही. उंचावरची खिडकी, स्कोपवाली रायफल, खाली येणारा राष्ट्राध्यक्ष, आणि सैन्यातून परत आलेला माणूस. हा पिक्चर आला १९५४ ला, डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळी झाडली गेली १९६३ ला. पिक्चर बनवणाऱ्यांना काय कल्पना असणार, पण बॅरन जेव्हा त्या खिडकीतून फलाटाकडं बघतो तेव्हा दुकानात सगळे एकदम गप झाले होते.

आता बघायचा कसा. अमेरिकेत ह्याचा कॉपीराइट वेळेत रिन्यू केला नाही, त्यामुळं पिक्चर सगळ्यांचा झाला आणि युट्यूबवर फुकटात ढिगानं प्रती पडल्यात. तिथंच घोळ झाला असं माझं मत आहे, कारण बहुतेक प्रती भयंकर आहेत, पांढरं फटक चित्र, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि तसली प्रत बघून लोक दहा मिनिटांत बंद करतात. रंगीत केलेली प्रत तर लावूच नका. १९८६ ला ह्याला रंग दिला तेव्हा सिनात्राचे जगप्रसिद्ध निळे डोळे चक्क तपकिरी करून ठेवले होते. मूळ ब्लॅक अँड व्हाईट, रिस्टोअर केलेली एचडी प्रत शोधा, थोडं खाली स्क्रोल केलं की सापडते. इंग्रजी सबटायटल असतील तर चालू ठेवा, सिनात्रा भराभर बोलतो आणि त्याचं बोलणं निसटलं तर अर्धा पिक्चर निसटला. घरात लहान पोरं असतील तर रक्तपात फारसा दिसत नाही पण पिजच्या गळ्यावर चाकूची धमकी वगैरे प्रकार आहेत, त्यामुळं दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांनाच दाखवा.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, आत्यांकडून अडीच.