बाहेर खावे की घरी रांधावे? मिसळ, डोसा, भाकरी आणि मासे यांच्या निमित्ताने एक तुलना

रविवारी बाहेर जेवायला जावे की घरीच काही वेगळे करावे, या प्रश्नाचा निवाडा बहुतेक घरांत खर्च आणि कंटाळा या दोनच निकषांवर होतो. त्यामुळे घरी सहज उत्तम होणारा पदार्थ बाहेर तिप्पट दराने खाल्ला जातो आणि जो घरच्या शेगडीवर कधीच नीट साधणार नाही, त्याच्यापायी अख्खी सकाळ खर्ची पडते. एखाद्या पदार्थाला किती आच लागते, तो मोठ्या प्रमाणावर केल्याने सुधारतो की बिघडतो आणि विस्तवावरून उतरल्यावर किती वेळ चांगला राहतो, हे आधी पाहिले तर निर्णय बराच सोपा होतो. पुढील तुलना पुण्या-मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्या, स्वयंपाकाची हौस असलेल्या परंतु रोज त्यात तासन्‌तास घालवू न शकणाऱ्या दोन ते चार माणसांच्या घराला समोर ठेवून केली आहे.

मिसळ

मिसळ घरी आणि बाहेर सारख्याच हिरिरीने केली जाते, म्हणून ती आधी घेतो. कोल्हापूरची मिसळ झणझणीत कटासाठी ओळखली जाते आणि तिथे तिच्याबरोबर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस देण्याची पद्धत आहे. पुण्यातील पेठांमधल्या जुन्या ठिकाणी तळाशी पोहे आणि बटाट्याची भाजी असते आणि रस्सा काहीसा आंबटगोडाकडे झुकतो. नाशिककडे काळ्या मसाल्याचा रस्सा आणि सोबत पापड, दही असा थाट असतो, तर ठाण्यातील मामलेदार कचेरीजवळच्या प्रसिद्ध मिसळीत तिखट किती हवे ते आधीच सांगावे लागते. हे सर्व प्रकार घरी करता येतात. पण घरच्या मिसळीत कट नेमका कुठे कमी पडतो, हे माहीत असलेले बरे.

मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तो तेलात उतरतो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि कांदा-लसूण मसाला सढळ तेलात मंद आचेवर परतल्याखेरीज तर्री वर येत नाही, आणि घरी नेमका तिथेच आपला हात आखडतो. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, परंतु मग जे तयार होते ती मटकीची चांगली उसळ असते. तिला कट म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय मिसळीच्या दुकानात मोठ्या पातेल्यात पहाटेपासून मंद उकळत राहिलेल्या रश्शात वाटण जसे एकजीव होते, तसे चार वाट्यांच्या रश्शात अर्ध्या तासात होत नाही. पुण्यात ज्याला सॅम्पल म्हणतात तो जादा रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेण्याची सोय हा बाहेरच्या मिसळीचा आणखी एक मोठा गुण आहे.

घरच्या मिसळीचे बळ मटकीत आहे. बाहेर अनेक ठिकाणी मटकीच्या जागी पांढरा वाटाणा आलेला असतो, किंवा मटकी असलीच तर ती शिजून गाळ झालेली असते. घरी मटकी आठेक तास भिजवून, फडक्यात बांधून १२ ते २४ तास ठेवली की मोड हवे तेवढे वाढू देता येतात आणि कुकरच्या शिट्ट्यांना न जुंपता ती उघड्या पातेल्यात शिजवली तर दाणा अखंड राहतो. पाव किलो कोरडी मटकी मोड आल्यावर वजनाला दुपटीच्या आसपास जाते आणि पाच-सहा जणांना पुरते. फरसाण दोन्हीकडे विकतचेच असते, त्यामुळे त्या बाबतीत कोणी कोणाला हसू नये. दोघांसाठी वाटणापासून सुरुवात करण्यापेक्षा बाहेर जाणे मला शहाणपणाचे वाटते. पाच-सहा माणसे जमणार असतील तर मात्र मिसळ घरीच करावी, कारण हॉटेलात बिल डोक्यागणिक वाढते आणि घरी श्रम तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत.

डोसा आणि त्याचे घरगुती भाऊबंद

डोशाचे पीठ घरी उत्तम होते. तीन किंवा चार भाग तांदळाला एक भाग उडदाची डाळ आणि चिमूटभर मेथीदाणे हे प्रमाण जगजाहीर आहे. मुंबईच्या उकाड्यात हे पीठ रात्रभरात फुगते आणि दुर्लक्ष झाले तर आंबूनही जाते, तर पुण्याच्या डिसेंबरात त्याला सकाळ उलटून जाईपर्यंत वाट पाहायला लावण्याची सवय असते. खरी अडचण तव्याची आहे. उडप्याच्या हॉटेलातला तवा म्हणजे जाड लोखंडाची मोठी, सतत तापलेली लादी असते. तिच्यावर पाणी शिंपडून पृष्ठभागाचा ताप क्षणात उतरवतात, पीठ पातळ पसरतात आणि लादीत साठलेली उष्णता ते लगेच कुरकुरीत करते. घरचा तवा पीठ पडताच थंड होतो आणि पुन्हा तापेपर्यंत डोसा कुरकुरीत होण्याऐवजी वाळत जातो. बिडाचा जड तवा घेतला तर हा फरक कमी होतो, पण कागदासारख्या पातळ डोशापर्यंत तो आपल्याला नेत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा पंगतीचा आहे. घरी डोसा एका वेळी एकच होतो आणि तो ताटात पडल्यापासून दोन-चार मिनिटांतच खायचा असतो, त्यामुळे घरातील एक व्यक्ती शेवटपर्यंत शेगडीपुढे उभी राहते आणि सर्वांचे झाल्यावर एकटी जेवते. ती व्यक्ती बहुधा कोण असते हे सांगण्याची गरज नाही. ज्यांना सर्वांनी एकत्र बसून खायचे आहे त्यांनी डोशासाठी बाहेर जावे. घरी मऊ, जाळीदार प्रकार करावेत: आंबोळी, घावन, जाडसर सेट डोसा. आंबोळ्या झाकून ठेवल्या तरी मऊ राहतात, काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर दुपारीही चांगल्या लागतात, आणि कोकणाबाहेरच्या हॉटेलांत त्या क्वचितच मिळतात.

तंदूर आणि ‘पंजाबी’ भाज्या

इथे तुलना एकतर्फी आहे. तंदूरच्या आतील तापमान चारशे अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते. घरची विजेवरची भट्टी साधारणतः अडीचशेच्या आसपास थांबते. रोटीला पडणारे काळे डाग, बाहेरचा खरपूस पापुद्रा आणि आतला ओलावा हे सर्व त्या प्रचंड उष्णतेमुळे मिनिटभरात घडते, म्हणून घरच्या प्रयोगांत रोटी एक तर पांढुरकी राहते, नाही तर वाळून कडक होते. तवा उलटा धरून गॅसवर नान भाजण्याची युक्ती बरी आहे, इतकेच म्हणेन. जोराच्या बर्नरवर कढई उडवत केल्या जाणाऱ्या गाडीवरच्या चायनीज पदार्थांनाही हेच कारण लागू होते.

रोटीसोबतच्या भाज्यांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. मध्यम दर्जाच्या बऱ्याच हॉटेलांत टोमॅटोची लाल आणि काजू-कांद्याची पांढरी अशा मोजक्या ग्रेव्ह्या सकाळीच करून ठेवलेल्या असतात आणि मेन्यूवरच्या लांबलचक यादीतील बहुतेक नावे त्यांच्याच कमी-अधिक मिश्रणातून निघतात. चार जणांनी चार वेगवेगळ्या पनीरच्या भाज्या मागवणे म्हणूनच फारसे अर्थपूर्ण नाही. एक भाजी, एक डाळ आणि तंदुरातून थेट ताटात येणाऱ्या रोट्या एवढे मागवावे. साधी पनीर भुर्जी किंवा पालक पनीर घरी हमखास अधिक ताजे होते.

भाकरी

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून ते गव्हाच्या कणकेसारखे ताणले जात नाही. गरम पाण्यात मळून, लगेच थापून, लगेच भाजून आणि लगेच खाल्ली तरच भाकरी मऊ लागते. निवली की ती कडक होत जाते. त्यामुळे भाकरीच्या बाबतीत हॉटेल आणि घर असा भेद करण्यापेक्षा तवा ताटापासून किती दूर आहे ते पाहावे. ज्या खानावळीत समोर बायका भाकऱ्या थापत बसलेल्या दिसतात तिथे निःशंक बसावे. जिथे भाकरी स्वयंपाकघराच्या दाराआडून, फॉइलमध्ये गुंडाळून येते तिथे चपाती मागवलेली बरी. घरी भाकरी जमत असेल तर पिठले, भरली वांगी आणि ठेचा यांसाठी बाहेर पैसे मोजण्याचे मला काही कारण दिसत नाही. ‘गावरान’ अशी पाटी लावून महामार्गालगत विकल्या जाणाऱ्या पिठल्याचे दर पाहिले तर हे अधिकच पटावे. थालीपीठ, ऋषीची भाजी, अळूचे फदफदे यांचेही तसेच आहे.

मासे

माशांच्या बाबतीत निर्णय सर्वांत गुंतागुंतीचा आहे. ताजेपणाची खात्री घरीच अधिक असते, कारण बाजारात कल्ले लाल आहेत का, डोळे तजेलदार आहेत का, अंग बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येते का, हे आपण स्वतः पाहून घेतो. हॉटेलात ते पाहण्याची सोय सहसा नसते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताटात येणारी सुरमई बहुधा शीतगृहातली किंवा दुसरीकडून आलेली असते, म्हणून त्या काळात खाडीचे मासे किंवा सुकट, सुके बोंबील यांकडे वळणे चांगले, आणि ते घरी उत्तम होतात. इमारतीतील शेजाऱ्यांना सुकटीचा वास चालतो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि पुष्कळ घरांत शेवटी तोच निर्णायक ठरतो.

दुसरीकडे, मालवणी खानावळीतील थाळीची विविधता दोघांच्या घरात परवडत नाही. तळलेली तुकडी, कालवण, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, वडे किंवा भाकरी, भात आणि सोलकढी इतके सर्व दोन माणसांसाठी करायचे म्हटले तर तिसऱ्या साफ करण्यातच दुपार संपते. त्यातून मी अशी वाटणी करतो: एकच मासा आणि भात हवा असेल तर घरी, थाळी हवी असेल तर बाहेर. बोंबील हा अपवाद समजावा. त्यात पाण्याचा अंश फार असतो. चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय तो कुरकुरीत होत नाही आणि हे काम रोजच्या सरावाचे हात अधिक सफाईने करतात. सोलकढी मात्र घरचीच. ताज्या नारळाच्या जाड दुधात कोकमाचे आगळ मिसळून ती लगेच प्यायची असते. बाहेर ती पुष्कळदा सकाळी करून ठेवलेली, फाटलेली आणि पाणी घालून वाढवलेली मिळते.

पैशांचा आणि श्रमांचा हिशेब

साध्या उपाहारगृहाच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे हजार रुपयांच्या जेवणावर पन्नास रुपये. सेवाशुल्क ही त्याहून वेगळी बाब आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. बिल हाती आल्यावर तेवढी एक ओळ वाचावी. ते शुल्क दिसले तर काढून टाकायला सांगण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

घरच्या जेवणाचा हिशेब आपण याहून ढिलाईने करतो. भाजी, तेल आणि गॅस यांची बेरीज करून ‘घरी किती स्वस्त पडले’ असे म्हणताना वाटण वाटणारे, भांडी घासणारे आणि ओटा पुसणारे हात आपण मोजत नाही. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्या श्रमांना निदान महिन्याचा पगार तरी असतो. म्हणून ज्या घरात रविवारचा बेत एक जण ठरवतो आणि दुसराच राबतो, त्या घरात आधी कामे वाटून घ्यावीत आणि मगच पदार्थ ठरवावा. वाटणी होत नसेल, तर ‘बाहेर महाग पडते’ या सबबीला अर्थ उरत नाही.

घरपोच मागवण्याविषयी

हा तिसरा पर्याय वर बाजूला ठेवला होता, कारण त्याचा निकाल वेष्टनावर अवलंबून आहे. डबाबंद डोसा स्वतःच्याच वाफेने लिबलिबीत होतो, तंदुरी रोटी चामड्यासारखी होते आणि वडे सोबतच्या चटणीआधीच गार झालेले असतात. मिसळ रस्सा, उसळ आणि फरसाण वेगवेगळे बांधून आली तर चांगली लागते. फक्त रस्सा घरी पुन्हा एकदा खळखळून उकळून घ्यावा आणि पाव शेजारच्या बेकरीतून ताजा आणावा. दमाची बिर्याणी मात्र हवाबंद भांड्यात तासभर मुरली तरी तिचे फारसे बिघडत नाही. घरी तिच्यासाठी कांदा तळण्यापासून दम देईपर्यंत अर्धा दिवस जातो, त्यामुळे चार माणसांपर्यंत ती खुशाल मागवावी आणि घरी ताज्या दह्याची कोशिंबीर तेवढी करावी.