एकाच गावी मुक्काम की देशोदेशी भटकंती?

कामातून सहा महिने मोकळे मिळाले, तर दहा देश पालथे घालावेत की एकाच गावी राहावं? दहा देशांत निम्मा जीव बॅगा आणि पुढच्या बुकिंगमध्येच जातो. फोटो मात्र भरपूर. एका गावात तीन महिने काढले की दुकानदार नावानं हाक मारतो, तिथल्या भाषेतले विनोद कळू लागतात, कुणी घरी जेवायलाही बोलावतं. (पहिले काही आठवडे करमत नाही, हेही खरं.)

व्हिसाचा काच दोन्हीकडे. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, २९ देश, पण बाहेरच्या पर्यटकाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच. देश बदलला म्हणून मोजणी नव्यानं सुरू होत नाही. वर्किंग हॉलिडे व्हिसावर (फिरता फिरता तिथं कामही करू देणाऱ्या) जास्त राहता येतं, पण त्याला वयाची अट असते.

मी मुक्कामच निवडेन.