राइश की ग्रिझे? रागसंगीताच्या कानाने कुठून सुरुवात करावी

सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात तासन्‌तास बसणाऱ्या पुणेकराला अलीकडचं पाश्चात्त्य रचनासंगीत ऐकायचं असेल, तर आधी मोझार्ट-बेथोवेनची पायरी चढायलाच हवी असं नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांतले दोन प्रवाह, एक लयीचा आणि एक स्वराचा, आपल्या कानाला थेट भिडतात. निवड मात्र तुम्ही मैफिलीत काय ऐकता त्यावर करा.

तबल्याकडे कान असेल तर अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश. त्याच्या ‘क्लॅपिंग म्युझिक’मध्ये (१९७२) दोन माणसं फक्त टाळ्या वाजवतात. आकृतिबंध १२ मात्रांचा. एक जण जागचा हलत नाही, दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एकेक मात्रा सरकतो आणि बारा वेळा सरकून पुन्हा पहिल्याला येऊन मिळतो. ती भेट समेइतकीच सुखावते. उपज मात्र इथे शोधू नका, सगळं आधीच लिहिलेलं आहे. मोकळीक हवी असेल तर दुसरा अमेरिकन रचनाकार टेरी रायली याचं ‘इन सी’ (१९६४) ऐका: ५३ छोटे तुकडे, कुठला किती वेळा घोळवायचा हे वादकाच्या मर्जीवर. हाच रायली पुढे १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, म्हणजे पुण्याला अगदी परका नाही.

तानपुरा जुळताना तुम्ही आधीच येऊन बसत असाल, तर फ्रेंच रचनाकार जेरार ग्रिझे. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो ना, तसेच ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याच्या एका खर्ज स्वरातले उपस्वर (मूळ स्वरात दडलेले वरचे स्वर) त्याने वेगवेगळ्या वाद्यांत वाटून ‘पार्सिएल’ (१९७५) रचलं. एकच स्वर उलगडतो, हळूहळू गढुळतो, खरखरीत होतो. ठेका नाही, चाल नाही. पहिल्यांदा कंटाळा येईल, तरी माझं मत याच बाजूने: स्वराच्या पोटात शिरण्याची आपली सवय इथे पुरेपूर कामी येते. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, खालचे स्वर कळणारच नाहीत. ग्रिझे जड वाटला तर फिनलंडची रचनाकार काइया सारिआहो हिचं ‘सेत पापियाँ’ (२०००) घ्या, त्यात एकटा चेलो आहे.

एस्टोनियन रचनाकार आर्वो पॅर्त याचं ‘श्पीगेल इम श्पीगेल’ (१९७८) अनेक जण आधी सुचवतात. सुंदर आहे, पण कामं करता करता ऐकलं जातं आणि कान होता तिथेच राहतो.

नव्या पिढीत या दोन प्रवाहांमधल्या भिंती फारशा उरलेल्या नाहीत. अमेरिकन रचनाकार कॅरोलाइन शॉ हिच्या ‘पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस’मध्ये आठ गळे गातात, बोलतात, कुजबुजतात, उसासे टाकतात. संगीतासाठीचं २०१३ चं पुलित्झर पारितोषिक त्याच रचनेला मिळालं. राइश आणि ग्रिझे यांपैकी एकाची सवय झाली की लगेच तिच्याकडे वळा.