बिडाचं अप्पेपात्र : घ्या, पण पाव्हणे यायच्या आठ दिवस आधी

लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात आणि मला हवी ती वस्तू नेमकी शेवटच्या रस्त्यावर सापडते. हे अप्पेपात्रही तसंच सापडलं. बिडाचं, १२ वाट्यांचं, दोन्ही बाजूंना बिडाचेच कान, काचेचं झाकण. ८५० रुपये. "ताई, तेल पाजलेलंच आहे, घरी नेऊन डायरेक्ट टाका," असं दुकानदार म्हणाला. नॉनस्टिकचं जुनं पात्र वर्षभरात सोललं होतं, म्हणून घेतलं. रिक्षात बसेपर्यंत पिशवीचा बंद तुटला, इतकं जड.

डायरेक्ट टाकले. पहिला घाणा वाट्यांना असा धरून बसला की चमच्यानं खरवडून भुगा काढावा लागला. तो आमच्या ह्यांनी दह्यात कालवून खाल्ला, बिचारे काही बोलले नाहीत. मग चार दिवस रोज धुवायचं, गॅसवर कोरडं करायचं, करडईचं तेल चोळून धूर निघेपर्यंत तापवायचं. शेवटी अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून एकेक वाटी घासली. पाचव्या दिवशी अप्पा एका टोच्यात गर्रकन फिरला. (सोबत दिलेली लाकडी सळई जाड आहे, काही कामाची नाही. मी विणकामाची सुई वापरते.)

एवढा खटाटोप व्याह्यांसाठी. श्रावणात परभणीहून येणार होते आणि विहीणबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. बिनकांद्याचे पोहे त्यांच्यापुढे ठेवायला जीव होईना. म्हणून आंबटगोड-तिखट सारणाचे अप्पे.

चिंच पानचिंचोलीची, आमच्याच जिल्ह्यातली. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या डब्यात ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वाटीभर घट्ट कोळाला दोन वाट्या गूळ, लाल तिखट, जिरेपूड, मीठ. गोळा होत आला की शेंगदाण्याचं जाडसर कूट आणि भाजलेले तीळ. गार झाल्यावर हरभऱ्यापेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या वळल्या. पीठ म्हणजे दोन वाट्या रवा, एक वाटी ज्वारीचं पीठ, आंबट दही, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर. अर्धा तास भिजवून टाकताना चिमूटभर सोडा.

वाटीत निम्मं पीठ, मधोमध गोळी, वरून पुन्हा पीठ. गोळी कडेला टेकली की संपलं. गूळ जळतो, चिंच बिडावरचं तेल खाते आणि ती वाटी पुन्हा चिकटायला लागते. माझ्या दोन वाट्या अशा गेल्या, त्यांना परत तेल पाजत बसले. मधल्या वाट्या आधी तापतात, म्हणून पीठ कडेच्या वाट्यांत आधी घालायचं आणि मधल्यांत शेवटी. नाहीतर मधले करपतात आणि कडेचे पांढरेफटक राहतात.

पात्राचा खरा गुण पाव्हणे उशिरा आले तेव्हा कळला. गॅस बंद करून पाऊण घाणा तसाच ठेवला होता. वीस मिनिटांनी काढला तरी वाफाळता. नॉनस्टिकमध्ये एव्हाना थंडगार चिवट झाला असता. मात्र झाकण पूर्ण लावू नका, काचेवरचं पाणी ठिबकून वरची बाजू गिचगिचीत होते. तिरकं ठेवा.

आणि आतला गूळ बाहेरच्या अप्प्यापेक्षा जास्त तापलेला असतो, हे पाव्हण्यांना आधी सांगा. मी विसरले. व्याह्यांनी गप्पांच्या नादात अख्खा तोंडात टाकला आणि सोयाबीनच्या भावावरचं त्यांचं बोलणं तिथंच थांबलं. डोळ्यांत पाणी, पण थुंकले नाहीत. पाणी पिऊन दुसरा घेतला, फोडून.

तक्रारी आहेतच. कान पेटल्यासारखे तापतात आणि सांडशीत धरले जात नाहीत, दोन जाड फडकी लागतात. बुडाला वाट्यांचे फुगे असल्यामुळं इंडक्शनवर डुगडुगतं. सहा माणसं असतील तर १२ वाट्या पुरत नाहीत, तुम्ही ओट्यापाशीच अडकता. आणि "तेल पाजलेलं" ही शुद्ध थाप. पाचपैकी चार, तो एक त्या थापेचा कापला.

विहीणबाईंनी पाच खाल्ले. निघताना पात्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, तेल कसं पाजायचं तेही नीट विचारून घेतलं. मी करडईच्या तेलापर्यंत सगळं सांगितलं. कांद्याचं कार्तिकी एकादशी झाली की फोनवर सांगेन.